रणात पडलेल्या पूर्वजाचा शोध : भास्कर राम कोल्हटकर आणि त्याच्या चरित्राची अनेकभाषिक साधने

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी घराण्यांच्या वंशावळींत काही नावांपुढे एक ठरावीक वाक्य आढळते. ‘अमुक लढाईत कामास आले’, ‘ठार पडले’ किंवा ‘स्वारीत खर्ची पडले’ अशी त्याची रूपे असतात. विसाव्या शतकात छापल्या गेलेल्या कुलवृत्तांतांत या वाक्याला स्थळाची व शकाची जोड मिळाली, तरी त्याचा स्वभाव बदलला नाही. वंशवृक्षात ते एका फांदीचा शेवट दाखवते. त्या माणसाच्या आयुष्याविषयी ते काहीही सांगत नाही. तो कोणत्या वाटेने गेला, वाटेत त्याने काय केले, त्याच्या मरणाची वार्ता घरी कोणत्या शब्दांत पोहोचली, हे सारे त्या एका क्रियापदाच्या पोटात गडप होते.

युद्धात मारल्या गेलेल्या पूर्वजाच्या चरित्रशोधाला यामुळे एक विलक्षण वळण लागते. इतरांचे चरित्र जन्माकडून मृत्यूकडे जाते. त्याचे चरित्र मृत्यूकडून मागे यावे लागते. परमुलखात मरण आलेल्या शिपायाबाबत तर मृत्यूची नोंद बहुधा शत्रूच्या भाषेत अधिक तपशिलाने झालेली असते. स्वतःच्या भाषेच्या कुंपणात राहून केलेला शोध त्यामुळे अपुरा ठरतो. हा प्रश्न जितका इतिहासाचा आहे, तितकाच तौलनिक साहित्याचाही आहे.

रायपूर व त्याच्या परिसरातील मराठी समाजाच्या दृष्टीने या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण भास्कर राम कोल्हटकर याचे आहे. नागपूरकर भोसल्यांचा हा सेनानी १७४१ मध्ये छत्तीसगढात उतरला आणि १७४४ च्या मार्चअखेरीस बंगालमध्ये मनकरा येथे मारला गेला. छत्तीसगढात पुढे १८५४ पर्यंत टिकलेल्या भोसले सत्तेचा आणि तिच्यामागोमाग आलेल्या मराठी वस्तीचा आरंभ त्याच्या स्वारीपाशी होतो. रक्ताच्या नात्याने तो एका घराण्याचा पूर्वज आहे. स्थलांतराच्या इतिहासात तो एका संपूर्ण वस्तीचा पूर्वज ठरतो. अशा पुरुषाचे चरित्र मराठी, बंगाली, फारसी, संस्कृत आणि छत्तीसगढच्या स्थानिक परंपरेत कसे विखुरले आहे आणि ते एकत्र वाचल्यावर काय हाती लागते, याचा विचार येथे केला आहे.

२. घराण्याची साधने आणि त्यांच्या मर्यादा

शोधाची पहिली पायरी नावाचीच आहे. अठराव्या शतकातील नामलेखनाच्या रीतीप्रमाणे व्यक्तीच्या नावापुढे पित्याचे नाव येई. बाळाजी विश्वनाथ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. त्या रीतीने ‘भास्कर राम’ म्हणजे रामाचा पुत्र भास्कर. ही दोन नावे जोडून ‘भास्करराम’ असे एकच नाव लिहिण्याचा प्रघात पुढे पडला आणि वंशशोधाला उपयोगी असा पित्याचा उल्लेख दृष्टीआड झाला. छत्तीसगढच्या ग्रंथांत तो ‘भास्कर पंत’ होतो, बंगालीत ‘भास्कर पंडित’. ‘पंत’ हे ‘पंडित’ शब्दाचेच आदरार्थी आखूड रूप मानले जात असल्याने दोन्ही संबोधने मुळात एकच आहेत. पण दोन्हींत कुलनाम व पितृनाम गळून पडते. एकाच माणसाच्या तीन नावांखाली तीन निरनिराळ्या सूची तयार होतात आणि शोधकाने त्या तिन्ही धुंडाळल्या नाहीत, तर दोन हातच्या निसटतात.

नावानंतर येतात ते कागद. युद्धात पडलेल्या माणसामुळे मराठी राज्यव्यवस्थेत काही विशिष्ट प्रकारचे कागद निर्माण होत. मृताच्या लहान मुलांच्या निर्वाहासाठी सरकारातून जी नेमणूक होई तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. सरदार असेल तर सरंजाम पुत्राच्या वा भावाच्या नावे चालू ठेवण्याचा हुकूम निघे. अशा नोंदींचे मोल मोठे आहे, कारण त्यांत भावनेला जागा नसते आणि वारसाचे नाव मात्र अचूक असावे लागते. तथापि त्यांचा प्रारंभच मृत्यूनंतर होतो. मृत व्यक्ती त्यांत केवळ हक्काचे कारण म्हणून येते. वंशावळीतील वाक्य आणि बालपरवेशीची नोंद यांत भाषेचा फरक असला, तरी दोन्हींची दृष्टी मागे उरलेल्यांवर असते.

पत्रव्यवहाराची स्थिती याहून बरी आहे, पण तीही एकसंध नाही. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांपैकी विसावा खंड नागपूरकर भोसल्यांविषयी आहे. परंतु ती पत्रे मुख्यतः पेशव्यांच्या दफ्तरात जमा झालेली आहेत, आणि ज्या वर्षांत भास्कर राम बंगालमध्ये लढत होता त्या वर्षांत पेशवे व भोसले परस्परांचे प्रतिस्पर्धी होते. १७४३ मध्ये बाळाजी बाजीराव पेशवा चौथाई व स्वारीखर्चाच्या बोलीवर अलीवर्दीखानाच्या मदतीस गेला आणि त्याने रघूजी भोसल्याच्या फौजेला बंगालमधून हुसकावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शाहू महाराजांनी दोघांच्या मुलूखगिरीच्या सीमा ठरवून दिल्या व बंगाल, बिहार, ओरिसा हे प्रांत प्रामुख्याने भोसल्यांकडे राहिले. तेव्हा ‘मराठी बाजू’ नावाची एकच बाजू येथे गृहीत धरता येत नाही. भोसल्यांचे स्वतःचे दफ्तर पेशवे दफ्तरासारखे सलग उपलब्ध नसल्याने भास्कर रामाच्या धन्याचा आवाज त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या आवाजापेक्षा क्षीण ऐकू येतो.

भोसल्यांच्या बाजूचे प्रमुख कथन म्हणजे काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर. ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात, नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या काळात लिहिली गेली; म्हणजे मनकऱ्याच्या घटनेनंतर सत्तरहून अधिक वर्षांनी. घटनेचे साक्षीदार तोवर उरले नव्हते. उरली होती ती स्मृती, आणि त्या स्मृतीचा गाभा एका शब्दात सामावला होता : दगा. यादव माधव काळे यांच्या १९३४ मधील ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ या ग्रंथापर्यंत मराठी कथनपरंपरेत या घटनेचा भाव मुख्यतः हाच राहिला आहे.

३. छत्तीसगढातील भास्कर पंत

१७४१ च्या पावसाळ्यानंतर भास्कर राम नागपुराहून पूर्वेकडे निघाला. त्याचे अंतिम लक्ष्य बंगाल होते; छत्तीसगढ हा त्या वाटेवरचा प्रदेश. येथे हैहयवंशी कलचुरींच्या दोन शाखा राज्य करीत होत्या. थोरली शाखा रतनपूरला, धाकटी रायपूरला. रतनपूरच्या गादीवर तेव्हा वृद्ध रघुनाथसिंह होता.

या प्रसंगाचे तपशील स्थानिक परंपरेतून आले आहेत. रतनपूरचे बाबू रेवाराम यांनी हैहयवंशी राजांची तवारीख लिहिली. बिलासपूरच्या जमाबंदीचा अधिकारी चिशोम याने १८६८ च्या अहवालात रतनपूरचा प्रसंग नोंदवला आणि पुढील गॅझेटियरांनी त्याचा आधार घेतला. प्यारेलाल गुप्त यांचा ‘प्राचीन छत्तीसगढ’ हा हिंदी ग्रंथ रायपूरच्या रविशंकर विश्वविद्यालयाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केला; त्यातही ही परंपरा पुढे आली आहे.

या परंपरेप्रमाणे रघुनाथसिंहाचा एकुलता पुत्र आदल्या वर्षीच वारला होता आणि शोकामुळे राजा राज्यकारभाराविषयी उदासीन झाला होता. चाळीस हजारांची फौज राजधानीजवळ येऊन ठेपली, तरी त्याने प्रतिकार केला नाही. तोफांनी राजवाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा राणीने तटावर पांढरे वस्त्र उभारले आणि दरवाजे उघडले गेले. शहरावर एक लाख रुपयांचा दंड बसला व खजिन्यातील द्रव्य उचलले गेले.

हे कथन विजेत्याचे नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. त्याचा नायक पराभूत राजा आहे आणि रस करुण आहे. पुत्रशोकाने खचलेला पिता युद्ध करीत नाही, ही मांडणी पराभवाला लाजेपासून वाचवते. भास्कर पंत येथे जवळजवळ चेहराविहीन आहे. एखाद्या आपत्तीसारखा तो येतो आणि जातो. चाळीस हजार हा आकडाही मोजणीपेक्षा भीतीचे माप असण्याचा संभव अधिक आहे.

तरीसुद्धा याच परंपरेत भास्कर रामाच्या चरित्राचा एक असा अंश टिकला आहे, जो अन्यत्र मिळत नाही. त्याने रघुनाथसिंहाला पदच्युत केले नाही. भोसल्यांच्या नावे कारभार चालवण्याच्या अटीवर त्याला गादीवर ठेवले, देखरेखीसाठी कल्याणगीर नावाच्या गोसाव्याची नेमणूक केली आणि तो पुढे निघून गेला. रायपूरच्या शाखेला त्याने हातही लावला नाही. तेथील अमरसिंहाचे राज्य १७५० मध्ये गेले आणि त्याला रायपूर, राजिम व पाटण हे परगणे सात हजार रुपयांच्या वार्षिक टाकोळीवर देण्यात आले. या तपशिलांतून एक हिशेबी सेनापती दिसतो. पाठीमागची वाट सुरक्षित असावी, मनुष्यबळ अडकू नये आणि वसुलीचा हक्क प्रस्थापित व्हावा, एवढेच त्याला हवे होते. बंगालच्या साहित्यातून उभ्या राहणाऱ्या भास्करापेक्षा हा भास्कर वेगळा आहे, कारण येथे तो केवळ लुटणारा नसून राज्यव्यवस्था आखणारा आहे.

त्याच्या मृत्यूचा सर्वांत दूरचा पडसादही याच भूमीत उमटला. मनकऱ्याची वार्ता आल्यावर रघुनाथसिंहाने कल्याणगिराला घालवून देऊन स्वतंत्र कारभार आरंभला, असे ही परंपरा सांगते. १७४५ मध्ये रघूजी भोसला स्वतः आला, रघुनाथसिंहाला त्याने दूर केले आणि मोहनसिंहाला गादीवर बसवले. १७५८ मध्ये बिंबाजी भोसला रतनपूरला आला व १७८७ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. छत्तीसगढात मराठी भाषा व मोडी लिपी कारभारात रुजवण्याचे आणि दसऱ्याला सोने वाटण्याची प्रथा आणण्याचे श्रेय त्याला दिले जाते. राजधानी रतनपूरहून रायपूरला हलली ती १८१८ मध्ये, ब्रिटिश अधीक्षक अ‍ॅग्न्यू याच्या काळात. एका सेनापतीच्या मृत्यूपासून रायपुरातील मराठी वस्तीपर्यंतची साखळी या क्रमाने जुळते.

४. बंगालचा भास्कर पंडित

१७४२ च्या एप्रिलमध्ये भास्कर रामाने बंगालचा नबाब अलीवर्दीखान याला बर्दवानजवळ घेरले. मे महिन्यात मुर्शिदाबादवर छापा पडला व जगत्सेठाची पेढी लुटली गेली. काटवा हे मराठ्यांचे ठाणे झाले. त्या वर्षीच्या शरदात भास्कर रामाने काटव्याजवळ दाईहाट येथे दुर्गापूजेचा मोठा उत्सव मांडला. नबाबाने रात्रीतून नदी ओलांडून २७ सप्टेंबरच्या पहाटे छापा घातला आणि मराठी फौज पूजा अर्धी टाकून निघाली. कलकत्त्याच्या रहिवाशांनी याच भयाने शहराभोवती खंदक खणण्यास घेतला. ‘मराठा डिच’ या नावाने तो ओळखला गेला आणि अपुराच राहिला.

या दोन वर्षांनी बंगाली भाषेला एक शब्द दिला. मराठी लष्करात ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि ज्याला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे तो बारगीर. नोकरीच्या प्रकाराचा हा तांत्रिक शब्द बंगालीत ‘बर्गी’ झाला आणि लुटारू या अर्थाने अंगाईगीतापर्यंत पोहोचला. मराठी वंशावळीत ‘बारगीर’ म्हणून नोंदलेला पूर्वज आणि बंगाली मुलाला झोपवताना ज्याचे भय घातले जाते तो ‘बर्गी’ एकच असू शकतो, हे सत्य या दोन शब्दांच्या अंतरात दडले आहे.

बंगाली साधनांत गंगारामाचे ‘महाराष्ट पुराण’ सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याच्या हस्तलिखितावर बंगाली सन ११५८, म्हणजे इ. स. १७५१ ची नोंद आहे. ते मैमनसिंह भागात सापडले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. १९६५ मध्ये एडवर्ड डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनी त्याचा सटीप इंग्रजी अनुवाद केला. उपलब्ध भागाचे नाव ‘भास्कर पराभव’ असे आहे.

या काव्याची चौकट पुराणाची आहे. पृथ्वी पापाच्या भाराने त्रस्त होऊन ब्रह्मदेवाकडे आणि त्याच्यासह शिवाकडे जाते. शिव नंदीला शाहू राजाकडे पाठवतो, आणि शाहूच्या प्रेरणेने भास्कराची स्वारी निघते. म्हणजे प्रारंभी मराठे हे दैवी शासनाचे साधन आहेत. परंतु त्यांची फौज ब्राह्मण, वैष्णव, गाई आणि स्त्रिया यांनाही सोडत नाही, तेव्हा पार्वती संतापते व देवांची कृपा नबाबाकडे वळते. त्यानंतर भास्कराचा वध हा केवळ राजकीय प्रसंग राहत नाही. भंगलेल्या आज्ञेचा तो परिणाम ठरतो.

भारतचंद्र रायाच्या ‘अन्नदामंगल’ (१७५२) या काव्यातही याच कल्पनेचे दुसरे रूप दिसते. तेथे भुवनेश्वरात नबाबाच्या सैन्याने केलेल्या उपद्रवामुळे नंदी क्रुद्ध होतो, आणि शिवाच्या सांगण्यावरून साताऱ्याच्या राजाला स्वप्नादेश मिळतो. एकाच दशकातील दोन कवी एकाच स्वारीला शैव कारण देतात, पण दोषाचा भार निरनिराळ्या खांद्यांवर ठेवतात. बर्दवानच्या दरबारातील बाणेश्वर विद्यालंकार याने ‘चित्रचंपू’ हे संस्कृत काव्य १७४४ मध्ये, म्हणजे मनकऱ्याच्या वर्षीच लिहिले. त्यात दैवी योजनेची सांत्वना नाही. अतिवेगवान घोड्यांच्या बळावर येणारी निर्दय सेना आणि पळणारी प्रजा, एवढेच त्यात आहे. मराठ्यांच्या धर्माची आणि शास्त्राची जी भाषा, त्याच संस्कृतातून त्यांच्यावर हा आरोप येतो, हे विशेष.

चरित्रशोधाच्या दृष्टीने गंगारामाच्या काव्यातील दोन याद्या फार मोलाच्या आहेत. पहिली पळणाऱ्यांची. पोथ्यांचा भार घेतलेला ब्राह्मण, तराजू घेतलेला सोनार अशा क्रमाने एकेक जात आपल्या व्यवसायाचे साधन उराशी धरून गाव सोडते, आणि पाठोपाठ जाळलेल्या गावांची नावे येतात. दुसरी यादी भास्कराबरोबरच्या सरदारांची. ही नावे बंगाली उच्चारात बदलली आहेत. पण ती नावे आहेत. कुलवृत्तांतात ‘बंगालच्या स्वारीत पडले’ एवढीच नोंद असलेल्या एखाद्या मराठी पूर्वजाचा माग या यादीत लागण्याची शक्यता असते. शत्रुपक्षाच्या कवीने ज्यांचा पराभव गायिला, त्यांची नावे त्यानेच जपली, हा योगायोग नव्हे. ज्याला भय वाटते तो नावे विसरत नाही.

५. मनकरा : फारसी कथन आणि मराठी स्मृती

१७४४ च्या आरंभी भास्कर राम ओरिसा व मेदिनीपूरमार्गे पुन्हा बंगालमध्ये आला. वारंवारच्या स्वाऱ्यांनी नबाबाचा खजिना रिता झाला होता. त्याने चौथाईच्या वाटाघाटीसाठी बोलावणे पाठवले. त्याचा अफगाण सरदार मुस्तफाखान आणि राजा जानकीराम यांनी आपापल्या धर्माप्रमाणे शपथा घेऊन भास्कर रामाला अभय दिले. मनकऱ्याच्या मैदानावर मोठा शामियाना उभारला गेला. ३१ मार्च १७४४ ही भेटीची तारीख सामान्यतः दिली जाते. भास्कर राम व त्याचे वीसहून अधिक सरदार आत गेले आणि लपवलेल्या सैनिकांनी त्यांची कत्तल केली. छावणीत मागे राहिलेला रघूजी गायकवाड तेवढा फौज घेऊन निसटला.

या प्रसंगाचे वर्णन फारसी इतिहासग्रंथांत आहे. गुलाम हुसेनखान तबातबाई याचा ‘सियर-उल्-मुताखरीन’ आणि गुलाम हुसेन सलीम याचा ‘रियाझ-उस्-सलातीन’ हे त्यांतील प्रमुख. दोन्ही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. नबाबाच्या दृष्टीने लिहिताना हा वध राज्यरक्षणाचा निरुपाय म्हणून येतो. शपथेचा भंग लपवलेला नाही, पण त्याला आवश्यकतेचे आवरण आहे. या फारसी परंपरेत असेही सांगितले जाते की इशारा देण्यापूर्वी नबाबाने आलेल्यांपैकी भास्कर कोण, हे विचारून निश्चित केले. दोन वर्षे ज्याच्या नावाने सुभा कापत होता, त्याचा चेहरा नबाबाला ठाऊक नव्हता. त्याला ओळखले गेले ते मारले जाण्याच्या क्षणी.

मराठी स्मृतीतील ‘दगा’, बंगाली काव्यातील ‘पराभव’ आणि फारसी इतिहासातील निरुपाय हे एकाच दुपारचे तीन अर्थ आहेत. यांपैकी कोणताही खोटा म्हणता येत नाही. दगा झाला होता, कारण शपथा घेतल्या गेल्या होत्या. बंगालच्या रयतेसाठी तो पापाचा परिणाम होता, कारण गावे जळाली होती. आणि नबाबापाशी लढाईने प्रश्न सोडवण्याचे सामर्थ्य उरले नव्हते, हेही खरे. मात्र या तिन्ही अर्थांची रचना वेगवेगळी आहे. मराठी कथनाचा प्रारंभ शपथेपासून होतो, बंगाली कथनाचा जळालेल्या गावापासून आणि फारसी कथनाचा रित्या खजिन्यापासून. कथा कोठून सुरू करायची, यावर मृत्यूचा अर्थ ठरतो. छत्तीसगढची परंपरा या वादात पडत नाही. तिच्या दृष्टीने हा मृत्यू म्हणजे एका वृद्ध राजाला अल्पकाळ मिळालेली मोकळीक.

वधाचा राजकीय हेतूही साधला नाही. रघूजीने १७४५ पासून स्वाऱ्या चालूच ठेवल्या आणि १७५१ च्या तहात नबाबाने वार्षिक बारा लाख रुपये चौथाई मान्य केली. ओरिसा व्यवहारतः भोसल्यांकडे गेला.

६. तुलनेसाठी दोन उदाहरणे

मृताच्या भाषेतच साधने विपुल असतात तेव्हा चरित्राचे रूप कसे पालटते, हे पाहण्यासाठी पहिल्या महायुद्धातील एक बंगाली उदाहरण उपयोगी आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी १९१६ मध्ये कुट-अल-अमारा येथे तुर्कांच्या हाती सापडले आणि १९१७ मध्ये बंदिवासात वारले. त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनी वार्धक्यात, नातवाच्या पत्रांच्या आधारे ‘कल्याण-प्रदीप’ हे त्यांचे चरित्र लिहिले. ते १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे पत्रे होती, लिहिणारी आप्त व्यक्ती होती आणि मृत व्यक्तीचा स्वतःचा आवाज होता. भास्कर रामाच्या बाबतीत या तिन्हींची उणीव शत्रूच्या व तिऱ्हाइताच्या संहितांनी भरून काढावी लागते.

त्याच मोहिमेत पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांतील शिपायांचे चरित्र लिहिणारे कोणी नव्हते. बसरा येथील स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली; सामान्य शिपायांची मात्र पलटणवार संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने २०२१ च्या अहवालात मान्य केले की, पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांची, प्रामुख्याने आफ्रिकी व मध्यपूर्वेतील, नावाने स्मृती राखली गेली नाही किंवा मुळीच राखली गेली नाही. मनकऱ्याच्या शामियान्याबाहेर आणि काटव्याच्या घाटांवर पडलेल्या बारगिरांची स्थिती याहून वेगळी नाही. नोंद होण्याचा अधिकार पदाच्या क्रमाने उतरत जातो, हा नियम दोन्ही काळांत सारखाच आहे. महाराष्ट्रातील गावोगावचे वीरगळ त्याची आणखी जुनी साक्ष देतात : दगडावर लढणारा पुरुष कोरलेला असतो, पण नाव क्वचितच असते.

७. निष्कर्ष

भास्कर राम कोल्हटकराच्या उदाहरणावरून या प्रकारच्या शोधाविषयी काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली पद्धतीची. परमुलखात पडलेल्या पूर्वजाचा माग काढताना प्रत्येक भाषेतील त्याच्या नावाचे रूप आधी निश्चित करावे लागते. मग घराण्याचे कागद, राज्याचे कागद, ज्या प्रदेशातून तो गेला तेथील परंपरा आणि ज्यांच्याशी तो लढला त्यांचे साहित्य, या क्रमाने बाहेरच्या वर्तुळाकडे जावे लागते. छत्तीसगढसारखा मधला प्रदेश या शोधात बहुधा वगळला जातो. वास्तविक चरित्राचा जिवंत, निर्णय घेणारा अंश तेथेच सापडतो. नागपूर प्रांताची कागदपत्रे राज्यपुनर्रचनेनंतर वेगवेगळ्या राज्यांच्या अभिलेखागारांत विभागली गेली आणि २००० मध्ये छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाले. त्यामुळे एका माणसाच्या शोधासाठी आता पुणे, नागपूर, भोपाळ, रायपूर आणि कोलकाता एवढी केंद्रे गाठावी लागतात.

दुसरी गोष्ट वाङ्मयप्रकारांविषयीची. बखर, पुराण, मंगलकाव्य, चंपू, तवारीख आणि जमाबंदीचा अहवाल हे प्रकार केवळ माहितीची पात्रे नाहीत. प्रत्येक प्रकार मृत्यूला स्वतःचे कारण पुरवतो. पुराणाला पाप हवे असते, बखरीला स्वामिनिष्ठा आणि दगा, तवारिखेला वंशाचा अंत, अहवालाला महसुलाचा आरंभ. हे कारण वेगळे काढल्याशिवाय त्याखालची घटना हाती येत नाही. आणि ते वेगळे काढून फेकून दिले, तर ती घटना कोणासाठी काय होती हे कळत नाही.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. पूर्वजाचा शोध आपुलकीतून सुरू होतो आणि पूर्वजाला न्याय मिळावा अशी त्यामागे स्वाभाविक इच्छा असते. मनकऱ्याच्या शामियान्यात शपथेवर विसंबून आत गेलेल्या माणसाबाबत ती इच्छा योग्यच आहे. परंतु त्याच माणसाचा माग गंगारामाच्या काव्यातून काढताना वंशजाला जळालेल्या गावांची यादी ओलांडावी लागते. सोनाराचा तराजू आणि ब्राह्मणाच्या पोथ्या त्या चरित्रातून वगळता येत नाहीत, कारण पूर्वजाच्या सोबत्यांची नावे ज्या काव्यात टिकली, त्याच काव्यात त्या टिकल्या आहेत. दोन्ही याद्या एकाच हाताने लिहिल्या गेल्या. पहिली वाचल्याशिवाय दुसरीवर हक्क सांगता येत नाही.

वंशावळीतील ‘कामास आले’ हे वाक्य खोडण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे रतनपूरच्या राणीचे पांढरे वस्त्र, दाईहाटची अर्धी राहिलेली पूजा, बंगालची ओस पडलेली गावे आणि मनकऱ्याची शपथ यांची नोंद व्हावी, एवढेच या शोधाचे साध्य आहे. एवढी नोंद झाली की पूर्वज वंशवृक्षाच्या फांदीवरून खाली उतरतो आणि अनेक भाषांच्या समाईक इतिहासात उभा राहतो.